सहाव्या दिवसाची मरतूक: ताण, आतड्यातले जिवाणू आणि माशांची प्रतिकारशक्ती

एकाच नर्सरीतली तिलापिया माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले), एकच खाद्य, एकाच स्रोताचे पाणी आणि शेजारशेजारच्या दोन टाक्या. पहिल्या टाकीत सगळे सुरळीत. दुसरीत सहाव्या दिवसापासून मासे मरायला लागले. मेलेल्या माशांच्या मूत्रपिंडातून प्रयोगशाळेने एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू वेगळा केला. खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झाले, मरतूक कमी झाली, औषधाचा कोर्स संपला आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा सुरू झाली.

मत्स्यपालनात मुरलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासाला घेतले. ते एका ठरावीक ठिकाणचे नाही. गोड्या पाण्यातल्या दाट संवर्धनात वारंवार दिसणारा क्रम इथे दोन टाक्यांत बसवून मांडला आहे. त्याच्या स्पष्टीकरणासाठी वापरलेले संशोधन मात्र खरोखर झालेले आहे.

कोणता जंतू, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला आणि त्याचे उत्तरही बरोबर आले. त्या उत्तराच्या जोरावर दिलेले औषधही चुकीचे म्हणता येणार नाही. तरीही प्रकरण सुटले नाही, कारण मरतूक सहाव्या दिवशी दिसली असली तरी तिची तयारी पहिल्या दिवशीच झाली होती, आणि तीही माशाच्या आतड्यात, जिथे कोणी बघत नव्हते.

संचयनाचा दिवस

संचयन म्हणजे पिल्ले टाकीत सोडणे. त्या दिवसाची नोंदवही चाळली तेव्हा दोन्ही टाक्यांतला पहिला फरक वेळेचा दिसला. पहिली खेप पहाटे निघाली. मासे आदल्या दिवसापासून उपाशी होते. त्यांची आकारानुसार प्रतवारी झाली, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून ते आले आणि ऊन चढायच्या आत टाकीत सुटले. दुसऱ्या खेपेचे मासेही पहाटेच हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ओढून ठेवले होते, जाळे दोनदा मारायला नको म्हणून. गाडी परत येईपर्यंत ते तिथेच दाटीवाटीने थांबले. त्यांची प्रतवारी दुपारी झाली. कोणत्याच गटात न बसणारे लहानमोठे मासेही याच खेपेत घातले गेले, त्यामुळे दुसऱ्या टाकीत दाटी वाढली आणि आकारात तफावतही. संध्याकाळी मासे टाकीत पडले. दिवसभराचे उपाशी आहेत म्हणून त्यांना लगेच पोटभर खाद्य मिळाले.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कोणीही म्हणेल की एवढ्याने काय होते. तिलापिया हा दणकट मासा आहे आणि हा दणकटपणाच इथे नडला. ट्राउटसारखा मासा त्रास झाला की लगेच मरून दाखवतो. तिलापिया काही काळ लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी ऑक्सिजनवर तग धरतो, आणि तो जिवंत आहे याचा अर्थ तो ठीक आहे असा लावला जातो.

पिशवी उघडण्याचा क्षणही महत्त्वाचा आहे. बंद पिशवीत मासे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरतो. कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया अशा पाण्यात बहुतांशी अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि तो तुलनेने कमी विषारी असतो. पिशवी उघडून तिच्यात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. पाणी 28 अंश सेल्सिअसला असेल तर सामू 7 असताना एकूण अमोनियातला सुमारे 0.7 टक्का विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की तो सुमारे 6.5 टक्के होतो. म्हणजे पाण्यात अमोनियाचा एक थेंब न वाढता विषारीपणा जवळजवळ नऊपट. दुसऱ्या खेपेच्या पिशव्या उघडून त्यांत एरेटरची नळी बराच वेळ सोडून ठेवली होती. हेतू चांगलाच होता.

ऑक्सिजनची नोंद दोन्ही टाक्यांत रोज दुपारी होत होती आणि दोन्हीकडे ती छान होती. पाण्याला हिरवी झाक असलेल्या टाकीत दुपारी ती छान असणारच, शेवाळ त्या वेळी ऑक्सिजन बनवत असते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खाते, मासे खातात, आणि संध्याकाळच्या भरपेट खाद्यानंतर माशांची गरज आणखी वाढते. नंतर दुसऱ्या टाकीत पहाटे मोजले तेव्हा ऑक्सिजन दुपारच्या एक तृतीयांशही नव्हता. मासे पाणी आत येते त्या तोंडाशी गर्दी करून उभे होते. याचा अर्थ एका दिवसाचा धक्का तिथेच थांबला नव्हता. रोज रात्री त्याच्यावर नवा थर चढत होता.

उघडलेला मासा

मेलेला मासा उघडून फारसे कळत नाही. पाण्यात काही तास पडलेल्या माशात सगळीकडचे जिवाणू सगळीकडे पसरतात आणि मग जे हवे ते सापडते. म्हणून कडेला लागलेले, सुस्त पण जिवंत मासे घेतले.

बाहेरून पंखांच्या बुडाशी लाली, पोट किंचित फुगलेले, गुदद्वार सुजून लाल आणि तिथून लोंबणारा पांढुरका चिकट दोरा. हा दोरा विष्ठेचा म्हणून सोडून दिला जातो. बोटावर घेऊन चोळला तर त्यात खाद्याचा कण नसतो, तो जवळपास सगळा श्लेष्म असतो, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूचे बुळबुळीत अस्तर सुटून बाहेर पडत असते. पोट उघडल्यावर आतडे रिकामे निघाले, आत पिवळसर पाणी आणि भिंत इतकी पातळ की खालून सरकवलेले कात्रीचे टोक आरपार दिसावे. शेवटचा भाग लाल. प्लीहा काळपट आणि फुगलेली. पित्ताशय टम्म, गडद हिरवे.

या पित्ताशयाने वहीतली एक नोंद खोटी पाडली. पित्त आतड्यात उतरते ते खाद्य आल्यावर. मासा काही दिवस खात नसेल तर पित्ताशय असे भरून राहते. वहीत मात्र रोज "खाद्य संपले" असे लिहिलेले होते. खाद्य संपत होतेच, पण ते टाकीतले दांडगे मासे संपवत होते. आकारात तफावत असली की असेच होते, आणि जे मासे आज मरत होते ते बहुधा टाकीत पडल्यापासून धड जेवलेच नव्हते.

खरा कलाटणी देणारा निकाल मात्र पहिल्या टाकीतून आला. तिथले धडधाकट मासे तुलनेसाठी मुद्दाम तपासले. त्यांच्या आतड्यातही एरोमोनास होता. मूत्रपिंड मात्र स्वच्छ.

यात आश्चर्य काही नाही. एरोमोनास गोड्या पाण्यात सर्वत्र असतो आणि निरोगी माशांच्या आतड्यातही नेहमी सापडतो. पण हा निकाल हातात आल्यावर "रोगजंतू कुठून आला?" या चौकशीत अर्थ उरला नाही. तो दोन्ही टाक्यांत होता. एका टाकीत तो भाडेकरूसारखा राहिला, दुसरीत त्याने भिंत फोडली.

पहिला तास

माशाला जाळ्यात ओढल्यावर काही सेकंदांत ॲड्रेनालिन रक्तात उतरते आणि काही मिनिटांत कॉर्टिसोल, ही दोन्ही ताणाची संप्रेरके. सर्वसाधारणपणे अर्ध्या ते एका तासात कॉर्टिसोल शिखर गाठते. शांत माशाच्या रक्तात ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम असते. तीव्र ताणानंतर बहुतेक जातींत ते 30 ते 300 नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात जाते. सस्तन प्राण्यांत हे काम मूत्रपिंडावर बसलेल्या वेगळ्या ग्रंथी करतात. हाडांच्या माशांत अशी वेगळी ग्रंथी नाही. कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन बनवणाऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात विखुरलेल्या असतात. माशाच्या हाडांत रक्त बनवणारा मगजही नसतो. ते कामही याच भागात चालते. म्हणजे ताणाचे संप्रेरक आणि संरक्षणाच्या पेशी एकाच ऊतीत, एकमेकांना खेटून तयार होतात. कॉर्टिसोल तिथून रक्तात मिसळून सगळीकडे जाते हे खरे, पण त्याचा पहिला शेजार या पेशींचा आहे.

ॲड्रेनालिनमुळे रक्त कल्ल्यांकडे आणि स्नायूंकडे वळते, आतड्याचा वाटा कमी होतो. पळायचे असताना पचन थांबवणे शहाणपणाचेच. पण आतड्याचे अस्तर हे शरीरातल्या सर्वांत झपाट्याने झिजणाऱ्या आणि नव्याने बनणाऱ्या ऊतींपैकी एक. त्याचा रक्तपुरवठा आखडला आणि त्यात पाण्यातही ऑक्सिजन कमी असला, तर पेशी तुटायला वेळ लागत नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ट्राउट आणि अटलांटिक सॅमनवर थोड्या वेळाच्या तीव्र ताणाचे प्रयोग केले आणि आतडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशींमधले जोड सैल झालेले दिसले, श्लेष्माचा थर मोठ्या प्रमाणात सुटला होता. त्या थराबरोबर भिंतीला चिकटून राहणारे जिवाणूही वाहून गेले: भिंतीवरची त्यांची संख्या घटली, विष्ठेतली वाढली. दुसऱ्या टाकीतल्या माशांच्या मागे लोंबणारा पांढुरका दोरा हा तोच प्रकार, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा.

आता वहीतली संध्याकाळची नोंद पुन्हा वाचावी. अस्तर सुटलेले, रक्त आखडलेले, आणि अशा आतड्यात पोटभर प्रथिनयुक्त खाद्य. जे पचले नाही ते खालच्या भागात गेले आणि तिथे उरलेल्या जिवाणूंना आयती मेजवानी मिळाली.

कोण गेले, कोण राहिले

गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांच्या आतड्यात सीटोबॅक्टेरियम या वंशाचे जिवाणू मोठ्या संख्येने राहतात. तिलापिया, कार्प आणि झेब्राफिश या तिघांतही ते ठळकपणे आढळतात. ते ॲसिटेट बनवतात, ब12 जीवनसत्त्वही बनवतात. 1982 मध्येच हे दाखवून दिले गेले होते की नाईल तिलापियाला खाद्यातून ब12 द्यावे लागत नाही, कारण ते त्याच्या आतड्यातले जिवाणू पुरवतात. आतड्यातल्या जिवाणूंना अजूनही केवळ "घाण" समजणाऱ्यांसाठी हा एक निष्कर्ष पुरेसा असावा.

असे जिवाणू नसतील तर काय होते हे झेब्राफिशवर पाहता येते, कारण त्याची पिल्ले अंड्यापासून निर्जंतुक वाढवता येतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात निर्जंतुक आणि साध्या पिल्लांची तुलना झाली, तेव्हा जिवाणूंच्या अस्तित्वामुळे आतड्यातल्या 212 जनुकांचे काम बदलते असे दिसले. पेशींची वाढ, पोषण आणि जन्मजात प्रतिकार या तिन्हींशी संबंधित जनुके त्यांत होती. पुढच्या कामांतून हेही दिसले की निर्जंतुक पिल्लांचे आतडे अर्धवट प्रौढ राहते. प्रतिकारशक्ती आधी तयार होते आणि मग ती जिवाणूंना आवरते, असा सरळ क्रम इथे नाही. जिवाणूच तिला घडवतात.

ताणाच्या काळात बाजू कशी पलटते? सीटोबॅक्टेरियमसारखे जिवाणू ऑक्सिजनविरहित जागेत, श्लेष्माच्या आश्रयाने, खाद्याच्या नियमित पुरवठ्यावर जगतात. एरोमोनास दोन्हीकडे चालतो: ऑक्सिजन असला तरी, नसला तरी. जागा रिकामी झाली की तो वेगाने वाढतो. शिवाय त्याच्याकडे आणखी एक सोय आहे. 1999 मधल्या प्रयोगशाळेतल्या कामात नॉरॲड्रेनालिन, म्हणजे ॲड्रेनालिनचेच जवळचे भावंड, घातल्यावर एरोमोनास हायड्रोफिलाची वाढ जोरात झाली. रक्तद्रवात लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवलेले असते, जिवाणूंच्या हाती लागू नये म्हणून. नॉरॲड्रेनालिनच्या कुळातली संप्रेरके ही गाठ सैल करतात आणि लोहाची भूक असलेल्या जिवाणूंचे फावते. थोडक्यात, माशाने संकटात मारलेली हाक जिवाणूलाही ऐकू जाते. मला या विषयातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

एक भेद इथे करायला हवा. ताण आला की आतड्यातला जिवाणूसमाज लगेच कोसळतो असे चित्र रंगवले जाते, ते अतिरंजित आहे. ॲमेझॉनमधल्या तांबाकी माशाला आम्ल पाण्यात ठेवून त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या जिवाणूंची तुलना झाली, तेव्हा त्वचेवरचा समाज जास्त विस्कटला, आतड्यातला तुलनेने सावरला. आतडे आत आहे, त्याला गादी आहे. ते मोडायला एकाहून अधिक धक्के किंवा लांबलेला धक्का लागतो. दुसऱ्या टाकीत दोन्ही होते. पहिल्या टाकीतल्या माशांनीही जाळे, प्रतवारी आणि पिशवी सोसलीच होती, पण त्यांना मध्ये दम घ्यायला वेळ मिळाला.

पहारेकरी

आतड्याच्या बाजूने माशाकडे काय संरक्षण आहे? लसीका गाठी त्याला नाहीत. संरक्षणाच्या पेशी आतड्याच्या भिंतीत पसरलेल्या असतात. बहुतेक हाडांच्या माशांत एक खास प्रतिपिंड (जंतूंना चिकटणारे संरक्षक प्रथिन) आहे, आयजीटी, जे 2005 मध्ये ओळखले गेले. 2010 मध्ये ट्राउटवर झालेल्या कामातून कळले की ते प्रामुख्याने आतड्याच्या श्लेष्मात काम करते आणि तिथल्या बऱ्याच जिवाणूंवर लेप बसवते. 2020 मध्ये त्याच गटाने पुढची पायरी गाठली. ट्राउटमधले आयजीटी काढून टाकल्यावर हितकारक जिवाणू घटले, घातक वाढले, ऊतींना इजा झाली आणि परजीवीसमोर मासे दुबळे ठरले. म्हणजे हे प्रतिपिंड शत्रूला मारण्याइतकेच सोबत्यांना जागेवर ठेवण्याचेही काम करते. श्लेष्म वाहून गेला की त्यातले प्रतिपिंडही गेले, आणि ते बनवणाऱ्या पेशींवर त्याच वेळी कॉर्टिसोलचा दाब.

तो दाब कसा असतो हे 1990 च्या दशकात नेदरलँड्समधल्या कार्पवरच्या कामातून स्पष्ट झाले. कॉर्टिसोलमुळे कामाला लागलेल्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, स्वतःहून मरतात, पण जंतूंवर लगेच तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचे आयुष्य उलट वाढते. शरीराचा हिशेब असा दिसतो: आत्ता जखम झाली तर लागेल ती फौज ठेवा, पुढच्या आठवड्याची तयारी थांबवा. ताण अर्ध्या तासाचा असेल तर हा हिशेब उत्तम. तो सहा रात्री चालला तर पुढचा आठवडा उजाडतो आणि तयारी झालेली नसते.

याला एक जुना पुरावा आहे, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. इंग्लंडमध्ये पिकरिंग आणि पॉटिंजर यांनी 1985 मध्ये दाखवले की कॉर्टिसोल दिलेले ब्राउन ट्राउट बुरशी आणि जिवाणूजन्य रोगांना जास्त बळी पडतात, आणि हे पांढऱ्या पेशींची संख्या कमी न होताही घडते. पेशी मोजून "प्रतिकारशक्ती ठीक आहे" असे सांगणाऱ्या अहवालांना हे कायमचे उत्तर आहे.

रक्ततपासणीने केलेली दिशाभूल

"ताण" हा शब्द चर्चेत आल्यावर आठव्या दिवशी दोन्ही टाक्यांतल्या माशांचे कॉर्टिसोल तपासले. आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे आणि दोन्हीकडे चढे. निष्कर्ष निघाला की ताणाचा सिद्धांत फसला.

प्रत्यक्षात फसली होती नमुना घेण्याची पद्धत. मासे पकडायला बराच वेळ जाळे फिरले, मग बादलीत थांबले, मग एकेकाचे रक्त काढले. तोवर जाळ्याचाच ताण रक्तात उतरला होता. पकडल्यापासून दोनतीन मिनिटांत रक्त घेतले नाही तर आपण स्वतःच निर्माण केलेला ताण मोजतो. आणि ते नीट घेतले तरी दीर्घ ताणात रक्तातले कॉर्टिसोल पुन्हा खाली येऊ शकते, मासा मात्र सावरलेला नसतो. यासाठी विष्ठेतले किंवा खवल्यांत साठलेले कॉर्टिसोल जास्त विश्वासाचे, कारण ते एका क्षणाऐवजी मागच्या काळाचा हिशेब दाखवते. ते जमत नसेल तर पहाटेचा ऑक्सिजन, खाद्याकडे येणाऱ्या माशांचे प्रमाण आणि मागे लोंबणारा पांढरा दोरा, या तीन गोष्टी बघणे बाहेरच्या कुठल्याही अहवालापेक्षा लवकर सांगतात.

औषधाने काय केले

प्रतिजैविकाने मरतूक कमी केली यात शंका नाही. ज्यांच्या रक्तात जिवाणू नुकते उतरले होते आणि जे अजून थोडेफार खात होते, ते वाचले. पण खाद्यातून दिलेले औषध खाणाऱ्यालाच मिळते. सर्वांत आजारी मासे खात नव्हते, त्यांना ते मिळाले नाही. धडधाकट माशांना भरपूर मिळाले. त्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधले जाते, माशांच्या आतड्यातून फार कमी शोषले जाते आणि बराचसा भाग विष्ठेतून पाण्यात जातो. म्हणजे ज्या रक्तात ते हवे तिथे थोडेच पोचले, आणि आतड्यातल्या सगळ्या रहिवाशांना मात्र त्याचा पूर्ण मारा बसला. भिंतीवर परतू पाहणारे जिवाणू पुन्हा हटले.

औषध थांबले तेव्हा टाकीतल्या रात्री तशाच होत्या, दाटी तशीच होती, आतडे जास्तच रिकामे होते आणि पाण्यातून एरोमोनास पुन्हा येणारच होता. दुसरी लाट यायला आणखी काही कारण लागले नाही. औषध द्यायला नको होते असे मी म्हणणार नाही. रक्तात जिवाणू पसरलेला मासा नुसत्या हवेने बरा होत नाही. पण औषध सुरू करण्याच्या दिवशीच रात्रीचा एरेटर आणि दाटी यांचा निर्णय व्हायला हवा होता, आणि तो दुसऱ्या लाटेनंतर झाला.

मग काय बदलले

दुसऱ्या लाटेत पुन्हा औषध दिले नाही, कारण या वेळी मरतूक कमी होती आणि बहुतेक मासे अजून खात होते. मोठे मासे बाजूला काढून दाटी कमी केली. यासाठी पुन्हा जाळे मारावे लागले, म्हणजे पुन्हा ताण, आणि यावर बराच वाद झाला. शेवटी ते पहाटेऐवजी सकाळी उशिरा, पाण्यात ऑक्सिजन भरल्यावर, एकदाच आणि प्रतवारीची चाळणी न वापरता करायचे ठरले. एरेटर रात्रभर चालू राहिले. खाद्य तीन दिवस जवळजवळ बंद ठेवून मग थोडेथोडे, दिवसातून अनेकदा आणि सूर्य चढल्यावर द्यायला सुरुवात झाली. उपास यापेक्षा लांबवला नाही, कारण लांबलेल्या उपासाने आतड्याचे अस्तर स्वतःच सुकते आणि उपयोगी जिवाणूंचेही खाद्य बंद होते. पाण्यात साधे मीठ लिटरला 3 ग्रॅमच्या आसपास घातले. माशाच्या रक्तातली क्षारता साधारण लिटरला 9 ग्रॅमच्या पातळीची. गोड्या पाण्यात ताणलेला मासा कल्ल्यांतून क्षार गमावत असतो. पाणी थोडे खारे केले की ही गळती आणि ती भरून काढण्याचा खर्च कमी होतो.

प्रोबायोटिकचा, म्हणजे खाद्यातून उपयोगी जिवाणू देण्याचा, विषय निघणारच होता. त्यामागे विज्ञान आहे. 2006 मध्ये युरोपीय सीबास माशाच्या पिल्लांना लॅक्टोबॅसिलस दिल्यावर त्यांची वाढ सुधारली आणि कॉर्टिसोल कमी दिसले. 2016 मध्ये झेब्राफिशमध्ये लॅक्टोबॅसिलस प्लांटारममुळे भित्रेपणा कमी झाला आणि ताणाने होणारी जिवाणूंची विस्कट रोखली गेली. या दोन्ही प्रयोगांत जिवाणू धडधाकट माशांना आधीपासूनच दिले जात होते, आणि माशांना रोज रात्री श्वासासाठी झगडावे लागत नव्हते. मरतूक सुरू झाल्यावर, न खाणाऱ्या माशांच्या टाकीत ओतलेली पावडर ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय दिलेले जिवाणू आतड्यात क्वचितच कायमचे वस्ती करतात, देणे थांबले की ते हळूहळू निघून जातात. म्हणून दुसऱ्या टाकीत ते दिले नाही. पुढच्या खेपेसाठी, नर्सरीतच संचयनाच्या काही दिवस आधी सुरू करायला हरकत नाही असे ठरले.

पाणी बदलण्याबाबतही एक सूचना मागे घेतली गेली. मरतूक झाली की टाकी रिकामी करून, क्लोरिन मारून नवे पाणी भरण्याची रीत आहे. नॉर्वेतल्या समुद्री माशांच्या पिल्लांवरच्या कामातून दिसते की नुकतेच निर्जंतुक केलेले पाणी झपाट्याने वाढणाऱ्या संधिसाधू जिवाणूंना मोकळे रान देते. जिवाणूंची वस्ती आधीच जमलेल्या, मुरलेल्या पाण्यात पिल्ले जास्त तगतात. आतड्याची वाताहत झालेल्या माशांना कोऱ्या पाण्यात सोडणे म्हणजे दोन्हीकडची राखण एकदमच काढून घेणे झाले असते. त्यामुळे तळाचा गाळ काढला, थोडे थोडे पाणी बदलले, टाकी रिकामी केली नाही.

मरतूक हळूहळू थांबली. वाचलेल्या माशांची वाढ मात्र पहिल्या टाकीच्या मागेच राहिली आणि आकारातली तफावत शेवटपर्यंत मिटली नाही.

पुढच्या संचयनासाठी कागदावर तीन बदल लिहिले गेले. हाप्यात मासे ओढायचे ते गाडी दारात उभी असेल तेव्हाच. पिशवीत हवा न सोडता टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळून मासे सोडायचे आणि पहिल्या दिवशी खाद्य टाकायचे नाही. ऑक्सिजन पहाटे मोजायचा आणि दुपारचा आकडा वहीत लिहायचाच नाही, कारण तो लिहिला की पहाटेचा विसरला जातो. या तिसऱ्या अटीला व्यवस्थापकाचा विरोध होता. त्याच्या मते दोन्ही आकडे असावेत. तडजोड म्हणून दुपारचा आकडा वेगळ्या वहीत जातो.